कुणाकडचं पावणं

कागलजवळच्या आमच्या गावाचं इतिहास मंडळ मी चालवतो. म्हणजे मीटिंगला माणसं गोळा करतो, आणि माणसं येतात चहासाठी.

यंदा घरोघरचे जुने फोटो मागून आणले आणि ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. भिंतीवर फोटो चिकटवता चिकटवता मंडळातला अल्ताफ थांबला. "सर, ह्यो कोण?"

पिराजीतात्यांच्या लग्नात मागच्या रांगेत एक फेटेवाला बशीतनं चहा पीत होता. अल्ताफच्या आजीच्या निकाहात तोच. दूध डेअरीच्या उद्घाटनातही तोच. मधे इतकी वर्षं गेली, पण गड्याची मिशी काळी ती काळीच.

"नवरीकडचं पावणं हाय," पिराजीतात्या म्हणाले.

"खुळं का काय तुमी?" त्यांची बायको शालूकाकी ओरडली. "आमी तुमच्यातलं समजून दोनदा जेवाय वाढलंतं की!"

नाव कुणीच विचारलेलं नव्हतं. दारात आलेल्या पावण्याला 'तुमी कोण' म्हणून विचारायचं, म्हणजे आमच्याकडं अपमानच.

शेवटी मी वैतागून फोटोखाली चिठ्ठी लावली, 'अनोळखी पावणे', आणि चहा सांगितला. शालूकाकीनं कागदी कपांचा ट्रे फिरवला. सगळे भिंतीकडं तोंड करून फोटो बघत चहा प्यायला लागले.

"बशी न्हाय व्हय?" मागच्या रिकाम्या खुर्च्यांतनं आवाज आला.

"आणतो की, पावणं," शालूकाकी सवयीनं बोलून गेली.

मग तिनं भिंतीपुढची माणसं मोजली; आम्ही सगळे तिथंच होतो. मागं वळून 'तुमी कोण' म्हणून विचारायला मात्र आताही कुणी तयार होईना.