पट्टीच्या दिवशीचं तेल

महेकने तिसऱ्यांदा शाम्पू ओतला तरी श्रेयाच्या केसांतलं तेल निघेना. वाटीभर तरी चोपडलं असेल, मुळापासून टोकापर्यंत. मंचरच्या या दवाखान्यात मेंदूची पट्टी, म्हणजे ईईजी, काढायला लागून महेकला सहा वर्षं झाली होती. तेलकट डोक्यावर तारा चिकटत नाहीत, पट्टीत नुसती खरखर येते, हे ती प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना बजावायची. श्रेयाच्या सासूला तर तिने दोनदा सांगितलं होतं.

"मावशी, तेल लावू नका म्हटलं होतं ना?"

"बाळंतीण हाय ती. डोकं कोरडं ठिवू व्हय?" कुशाबाई दारातूनच म्हणाली. "नसंल चिकटत तर ऱ्हाऊ द्या. पयली पट्टी हाय की. तीच द्या आमाला."

श्रेया बाळंत होऊन अवसरीला सासरी गेली आणि तिसऱ्याच दिवशी बीपी चढून तिला झटके आले. डोळ्यांपुढे अंधार झाला. घरच्यांनी आधी नाकाला चप्पल लावली, मग दवाखान्यात आणलं. मेंदूला सूज आहे, बीपी उतरला की तीही उतरेल, दिसायलाही लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तसंच झालं. दोन दिवसांत तिला खिडकी दिसली, पंखा दिसला. बाळ मात्र कोणी आणून दाखवलं नाही.

पहिल्या पट्टीच्या वेळी कुशाबाईने गोड आवाजात विचारलं होतं, "लई खराब हाय का वं?" आणि महेकने उचलली जीभ लावली टाळ्याला. "हो, बरीच खराब आहे." निकाल डॉक्टरांनी सांगायचा असतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? त्या एका वाक्यावर गावभर झालं, की सुनेला लग्नाआधीपासून फेफरं होतं आणि घाटघरच्या माहेरच्यांनी लपवून मुलगी दिली. परवा बारसं. सुनेने माहेरी जायचं, बाळ अवसरीलाच राहायचं, हे ठरलंसुद्धा. आज सकाळी बाहेरच्या बाकावर बसून कुशाबाई फोनवर हेच सांगत होती. "दुसरी पट्टी न्हाईच निगायची," असंही म्हणाली. मग आत जाऊन, "माझी गुणाची लेक ती," म्हणत तिने श्रेयाच्या डोक्यावर तेल घातलं.

महेकला किळस आली. तेलाची नव्हे, ते चोळणाऱ्या हातांची. आणि स्वतःच्या जिभेचीही.

चौथ्या धुण्याला पाणी स्वच्छ निघालं. केस वाळवून, एकेक जागा स्पिरिटने घासून तिने एकवीस तारा चिकटवल्या. चिकटवता चिकटवता हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

"मीट डोळे. आता उघड. परत मीट."

पडद्यावर रेघा धावू लागल्या. गेल्या वेळी त्या चिखलातून पाय ओढल्यासारख्या मंद चालल्या होत्या. आज डोळे मिटताच मागच्या तारांनी बारीक, एकसारखी लय धरली. उघडले की लय थांबली. निरोगी मेंदूची हीच खूण, महेकला ठाऊक होतं.

"काय निगालं?" श्रेयाच्या नवऱ्याने, आदेशने, मोबाईलमधून डोकं वर काढून विचारलं. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"डॉक्टर सांगतील."

डॉक्टर आले, वाकून पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "छान. सूज उतरलीय. हे फेफरं नाही आणि कधी नव्हतंही. बाळंतपणातला बीपी होता तो. गोळ्या तेवढ्या चुकवू नका. आणि बाळाला खुशाल पाजा." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

कुशाबाईचा चेहरा पडला, पण क्षणभरच. सरड्यालाही इतक्या लवकर रंग बदलता आला नसता.

"बघ, माझ्या तेलानंच गुण आला! चल बाय घरी. परवा बारसं हाय. चांगली न्हाऊ घालते तुला, डोकीवर तेल..."

श्रेया उठून बसली. केसांत पेस्टचे पांढरे गोळे तसेच होते. सासूकडे तिने पाहिलंही नाही.

"अहो, बाळाला हितं घिऊन या. मी त्याला घिऊन घाटघरला चालले."

आदेश गडबडला. "अगं, पण आता तर पट्टी चांगली आलीय."

"म्हनूनच. मला दिसत नव्हतं तवाबी कान चांगलेच व्हते."

कुशाबाई टॉवेल घेऊन पुढे आली, तशी श्रेयाने मान मागे घेतली आणि महेकच्या हाताला धरलं.

"ताई, आणखी येकदा डोकं धुता का? वास जात न्हाई."