सुरुवातीचा श्वास

ताईच्या त्या पत्राला घुम्याने उत्तर दिलंच नव्हतं. सत्तरी उलटली तरी थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव त्याला चिकटून होतं. पत्र जेमतेम चार ओळींचं. 'उजव्या हाताची बोटं आता ऐकत नाहीत. एकदा शेवटचं लोकांपुढे वाजवणार आहे. व्हायोलावर तूच हवास. हो की नाही, तेवढं कळव.' हो म्हणावं तर आपल्याला झेपेल का, आणि नाही म्हणावं तर कोणत्या तोंडाने, या घोळात महिने गेले. उत्तरासाठी तिचा पत्ता घातलेलं कोरं कार्ड कोटाच्या खिशात मळून गेलं.

आता तो तिच्या कार्यक्रमाच्या छोट्या सभागृहात, खांबाच्या आडोशाला, अंग चोरून बसला होता. पियानोपाशी ताई. तिच्याकडे जवळजवळ पाठ करून व्हायोला घेतलेली एक अनोळखी मुलगी.

लहानपणापासून भावाबहिणीची एक रीत होती. सुरुवात करण्याआधी घुम्या नाकाने मोठ्याने श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर ताईची बोटं पडायची. वर बघायची तिला कधी गरजच लागली नाही. "तुझ्या व्हायोलापेक्षा तुझं नाकच सुरेल आहे रे," ती चिडवायची.

पहिला भाग कसाबसा पार पडला. ताईचे सूर मधेमधे गळत होते, मुलगी सांभाळून घेत होती. मग संथ भाग आला. इथे दोन्ही वाद्यं एकदम उठायची होती. सभागृह चिडीचूप. मुलीने गज तारेवर टेकवला. घुम्याला ही जागा पाठ होती. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर केव्हा चालू लागली ते त्याला कळलंच नाही, आणि भान सुटून त्याने छाती भरून श्वास घेतला.

ताईचे हात पडले. मुलीचा गज अजून हललाही नव्हता. पियानो एकटाच थोडा पुढे गेला, अडखळला, थांबला.

मागून कुणीतरी कुजबुजलं, "वय झालं हो बाईंचं. कधी थांबायचं ते कळायला हवं माणसाला."

शेजारच्या गृहस्थाने घुम्याकडे वळून विचारलं, "दमा आहे का तुम्हाला?"

"माझं चुकलं गं," ताई मुलीला म्हणाली. "मला वाटलं..."

चष्मा काढून तिने अंधारातल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. तिचा चेहरा उजळला होता.

"चल, परत घेऊ या," ती म्हणाली. ते मुलीला उद्देशून नव्हतं.

मुलीने श्वास घेतला. ताई हलली नाही. मुलीने मागे वळून पाहिलं, मान डोलावली, पुन्हा श्वास घेतला. ताईचे हात पट्ट्यांवर तसेच अधांतरी राहिले. मान खांबाच्या दिशेला कललेली.

घुम्याने रुमाल नाकातोंडावर गच्च दाबून धरला.

बराच वेळ गेला. खुर्च्या करकरू लागल्या. मग ताईने हात मागे घेतले आणि पियानोचं झाकण हलकेच लावलं.

अवघडलेल्या टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तो रस्त्यावर पोचला होता. कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर कार्ड टेकवून त्याने एका हाताने वेडंवाकडं लिहिलं : 'ताई, यायला जमलं नाही. कार्यक्रम छान झाला असेलच. – घुम्या.'

कार्ड फटीतून आत सरकलं. ते तळाशी पडल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठे त्याने नाकावरचा रुमाल काढला.