साहेबांची छडी

युरोपातल्या जागतिक स्पर्धेत वृंदगान-संचालनाचं पदक मिळवून आलेल्या साहेबांचा लोणावळ्याच्या शाळेत सत्कार होता. पदक मिळवून देणारं गाणं जवळच्याच औंढे गावच्या बायकांचं, भात लावताना म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी बांधावर बसून साहेबांनी ते उतरवून घेतलं होतं. आज त्या बायकांनाच मंचावर उभं केलं होतं.

"यांच्या गाण्याला ना शेंडा ना बुडखा. कुणी सांभाळणारंच नव्हतं. शिस्त मी लावली," माइकवर एवढं बोलून साहेबांनी वळून छडी उचलली.

एकीनंही तोंड उघडलं नाही.

"माझ्या हाताकडे बघा ना!" साहेब खेकसले.

"वाफ्यात आमच्या माना खाली असत्यात, साहेब," हिरा म्हणाली. "हात बघून आमी कदीच गायलो न्हाई. चिमामावशीनं सूर काढला की मागनं आमी उचलतो."

"मग तिला आणलं का नाही?"

"आलीया की!" हिराचा आवाज चढला. "वळखलं न्हाई व्हय? मघाशी दाराशी चपला राखणारी समजून जिच्या हातात तुमी बूट दिलंत न्हवं? तीच ती."