ढमीचे लाड

"बाबा, थांबा! एक थेंबसुद्धा टाकू नका!"

सुनेनं सासऱ्यांचं मनगट धरलं, तेव्हा औषधाची बाटली टाकीवर तिरपी झालेलीच होती. आत दोन न्यूट निवांत बसले होते. पालीएवढे, पण बेडकांच्या कुळातले, पाण्यातच राहणारे, नारिंगी पोटाचे. त्यातली जाडी ती ढमी, सासऱ्यांचा जीव की प्राण. काचांवर मात्र गोगलगायींचा नुसता बाजार भरला होता. रविवारपर्यंत त्या गेल्या नाहीत तर टाकीच कुणाला तरी देऊन टाकीन, असं मुलानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ठणकावून सांगितलं होतं. आज रविवार होता.

"अगं, गोगलगायींचंच औषध आहे हे."

"त्यात तांबं आहे, बाबा. गोगलगायींबरोबर ढमीही जाईल. ह्यांच्या कातडीतून सगळं आत शिरतं. प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलंय मी."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली.

सुनेनं बाही वर केली आणि रात्री टाकीत सोडलेली काकडीची चकती अलगद उचलली. खालची बाजू गोगलगायींनी गच्च भरली होती. तिनं ती बादलीत झटकली.

"ह्या अशा निघतात. पण वाढल्या कशा एवढ्या? खायला किती वेळा घालता?"

"एकदाच. सकाळी, चिमूटभर."

सासूबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "सकाळी घालता? मला वाटलं, तुम्ही विसरता. म्हणून मी दुपारी घालते. कशी तोंडाकडे बघत बसते हो ढमी बिचारी!"

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपरात डोकं खुपसून बसला होता. कान लालभडक.

"आणि तू?"

"रात्री," तो पुटपुटला. "अगदी थोडंसं."

घरात हशा पिकला. न्यूटांना खाऊन खाऊन अजीर्ण, आणि उरल्यासुरल्यावर गोगलगायींची चंगळ!

"आज कुणीही काही घालायचं नाही," सुनेनं बजावलं.

ढमी काचेशी आली आणि चौघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघू लागली. सासूबाईंचा हात खाऊच्या डबीकडे गेला, तशी सुनेनं मानेनंच 'नाही' म्हटलं. कुणी जागचं हललं नाही. बराच वेळ वाट बघून ढमीनं तोंड फिरवलं. समोरच मिऱ्याएवढी गोगलगाय सरकत होती. ढमी जवळ गेली, थबकली, आणि तिनं ती गटकन गिळली. लगेच दुसरी.

"शाब्बास!" नवरा पेपर टाकून ओरडला. "टाकी कुठं जात नाही आता!" सासऱ्यांनी टाळ्या वाजवून घर डोक्यावर घेतलं.

सासूबाईंचे डोळे भरून आले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "आपल्या हातानं जेवली!"