जुनी पुली

"पाच घोडे जास्तीचे मिळवले आणि कंदील विझवून बसले," बायको पुटपुटली.

तिचं स्टूल गाडीच्या नाकाशीच होतं, त्यामुळे खाली बसून पुली आवळणाऱ्या मेकॅनिकला ते नीट ऐकू गेलं. एरवी तो हसला असता.

नवरा आपल्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये स्टिअरिंग धरून बसला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर मोठ्या हौसेनं बसवलेली लहान, हलकी पुली आज उतरली होती, कंपनीची जुनी पुन्हा चढत होती. लहान पुलीनं इंजिनावरचा भार कमी होतो, चार-पाच हॉर्सपॉवर वाढते, गाडी पळते. पण बॅटरीला वीज कमी मिळते आणि गाडी उभी किंवा हळू असली की दिवे जरा उतरतात. परवाचा सायकलवाला त्यामुळेच दिसला नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. सायकलवाला वाचला. आरसा गेला.

उद्यापासून नातीला पोहण्याच्या क्लासहून नवराच आणणार होता. रोज, दिवेलागणीला.

"झालं, दादा."

"शटर ओढ. अंधारात बघू दे."

शटर खाली आलं. इंजिन घुरघुरू लागलं. मेकॅनिकनं बॅटरीला मीटर लावला, आकडा वाचला आणि मीटर खिशात टाकला. समोरच्या भिंतीवरचे ग्रीसचे पंजेसुद्धा लख्ख दिसत होते.

"अजून मंदच आहेत रे."

"असतील. वायरिंग बघू."

बायकोनं मेकॅनिककडे बघितलं. मेकॅनिकनं हातातल्या पान्याकडे.

"तूच म्हणालास, पुली घ्या, फायदा आहे," नवरा चिडला.

"फायदा होता ना, दादा."

"अहो, सायकलवाला कुठून आला?" बायकोनं विचारलं.

"डावीकडून. का गं?"

"मी तिथे उभी राहते. दिसले की हॉर्न द्या."

"हा काय पोरखेळ!" तो म्हणाला, पण हात हॉर्नवर ठेवला.

इंजिनाच्या आवाजात तिच्या चपला ऐकू आल्या नाहीत. डावीकडे टायरांची चळत होती, तिच्यापाशी ती दिव्यांच्या उजेडात जाऊन थांबली आणि तिनं हात वर केला. मेकॅनिकला तिच्या घड्याळाचा उसवलेला पट्टासुद्धा दिसत होता.

हॉर्न वाजला नाही.

तिनं दुसराही हात वर केला. हलवला. नवरा मान पुढे काढून समोर बघत होता.

"अगं, आटप की! जाऊन उभी तर राहा आधी."

तिचे हात वरच राहिले.

मेकॅनिकनं पाना खाली ठेवला, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"वहिनी उभ्याच आहेत, दादा," तो म्हणाला. "कधीच्या. पुलीचं काही नव्हतं."