मत देण्याआधीचा डाग

२००४ साली गडमुडशिंगीच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर नागसेनने मत देण्यापूर्वीच त्याच्या डाव्या तर्जनीवर, नखापासून पहिल्या पेरापर्यंत, काळा डाग होता.

तो आदल्याच दिवशी जर्मनीहून आला होता. तिथल्या संध्याकाळच्या थंड पाव-चीजला, बंद दुकानांच्या रविवारला आणि रस्ता मोकळा असतानाही लाल दिव्यापाशी थांबण्याला तो चार वर्षांत सरावला होता. गावाकडची निवडणूक लांबून पाहण्याला मात्र तो सरावला नव्हता. म्हणून एका मतासाठी त्याने वर्षभराची रजा खर्ची घातली होती.

"पावणं, एकदा टाकलंय की तुमी," त्याचे बोट धरून अधिकारी म्हणाले.

"अहो, यादीत माझ्या नावापुढे खूण कुठे आहे?"

"मग दुसऱ्या गावात टाकलं असंल. बाजूला व्हा."

रांगेतले चुलते, अण्णासो, मोठ्यांदा हसले. "आरं नागसेना, जर्मनीतबी आपलंच बटण दाबून आलास व्हय रं?"

नागसेन बाहेर नळाखाली बोट घासत राहिला. मतदान संपले तरी डाग हलला नाही.



मतदानाच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. तेच रसायन त्या आठवड्यात, निघण्याआधी, जर्मनीतल्या त्याच्या कामाच्या प्रयोगशाळेत ओतताना त्याच्या बोटावर सांडले होते, कारण त्याची नजर बाटलीवर नव्हती. शेजारच्या संगणकावर उघडलेल्या कोल्हापूरच्या प्रचाराच्या बातमीवर होती.