चालण्याचं इंग्रजी

"चूक! साफ चूक!" श्रीधरपंत आरामखुर्चीतूनच ओरडले. "हे स्ट्रोल नाही, सोजरबाई. हे म्हशीमागे धावणं झालं."

सोजरबाई हॉलच्या मधोमध थांबल्या. नऊवारीचा पदर त्यांनी कमरेला खोचला होता. "मग ह्यो मार्च का?"

"मार्चही नाही. मार्च लष्कराचा. खडकवासल्याला कॅडेट करतात तो."

"त्यो येतोय की मला," म्हणत सोजरबाईंनी टीव्हीपासून देव्हाऱ्यापर्यंत असे काही पाय आपटले, की कपाटातल्या कपबश्या वाजल्या.

श्रीधरपंतांची उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ते बिबवेवाडीच्या या सोसायटीत आले आणि गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडून बसले. हाड केव्हाच जुळलं. पण मनात भीती बसली ती उठेना, आणि पंतही उठेनात. गरजेपुरतं काय ते वॉकर आणि बायकोच्या खांद्याच्या आधाराने, भिंत चाचपत. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता मोकळं चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल." मुलाने विनवून झालं, व्यायाम शिकवायला माणूस येऊन गेला. त्याला पंत म्हणाले, "आपण चाला. मी इथून बघतो." पंतांच्या पत्नी मंदाकिनीबाई देव पाण्यात घालून बसायच्याच काय त्या राहिल्या होत्या.

सोजरबाई तळमजल्यावरच्या. ही सोसायटी त्यांच्याच ज्वारीच्या वावरावर उभी होती. त्यांचा मुलगा लंडनला होता आणि उन्हाळ्यात त्या तिकडे जायच्या होत्या. "सूनबाई फोनवर कधी वॉक म्हणती, कधी स्ट्रोल, कधी हाइक," त्या मंदाकिनीबाईंना म्हणाल्या होत्या. "समदी चालत्यातच ना? मग येवढे शब्द कशापायी?" मंदाकिनीबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांना थेट नवऱ्यासमोर आणून उभं केलं.

पंतांना कितीतरी वर्षांनी विद्यार्थी मिळाला होता. त्यांची कळी खुलली. "वॉक म्हणजे नुसतं चालणं. प्लॉड म्हणजे पाय ओढत, दमल्यासारखं. स्ट्राइड म्हणजे ढांगा टाकत. सॉन्टर म्हणजे ऐटीत, रमतगमत, जणू संध्याकाळ आपल्याच मालकीची आहे. आणि स्ट्रोल म्हणजे कुठे पोचायचंच नाही, असं चालणं."

"काम नसताना कोन चालतं वो?"

"अहो, जेवणानंतर शतपावली घालतो ना आपण?"

"आमची शतपावली भांडी घासताना हुती," सोजरबाई म्हणाल्या आणि पुन्हा म्हशीमागे निघाल्या.

आठवडा असाच गेला. सोजरबाई प्रत्येक शब्द चुकीचा चालायच्या, पंत खुर्चीच्या हातावर मुठी आपटायचे. पंतांना बरंच काही सोसत असे. खुब्याची कळ, अळणी भाजी, नातेवाईक. पण डोळ्यांदेखत चूक व्हावी आणि ती तशीच राहावी, हे मात्र सोसत नसे. हा आजार या शहरात पुष्कळांना असतो. पंतांचा फारच बळावलेला होता.

"आन् लिंप म्हंजी?" सोजरबाईंनी विचारलं.

"लंगडणं," पंत तुटकपणे म्हणाले.

सोजरबाईंनी एक हात भिंतीला लावला, पाय ओढला, तोंड कारलं खाल्ल्यासारखं केलं आणि कण्हत कण्हत निघाल्या. मंदाकिनीबाईंनी पटकन स्वयंपाकघर गाठलं.

"ही नक्कल कुणाची चालली आहे?"

"तुमची, सर. ही बी चुकली का?"

"मी असा चालत नाही!"

"मग कसं चालता?"

"असा!" पंत गरजले आणि उठले.

"ही बघा स्ट्राइड," म्हणत ते टेबलापर्यंत गेले. "आता सॉन्टर. हात मागे, मान वर, घाई अजिबात नाही." ते देव्हाऱ्याला वळसा घालून आले. आवाज वर्गातला लागला होता. "आणि हा स्ट्रोल. कुठे पोचायचं नाही. नीट बघा!" स्ट्रोल करत करत ते गॅलरीच्या दारापर्यंत पोचले आणि मागे वळले.

आरामखुर्ची खूप लांब होती. वॉकर तिच्याशेजारी जागच्या जागी उभा होता. पंतांचा हात चाचपडत चौकटीकडे गेला. स्वयंपाकघराच्या दारात मंदाकिनीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. कौतुक केलं असतं तर हा माणूस तिथेच मटकन खाली बसला असता.

"झाला आजचा पाठ. येते, सर," म्हणत सोजरबाईंनी चपला घातल्या आणि त्या जिना उतरल्या.

पंतांनी खुर्चीकडे पाहिलं, मग गॅलरीकडे. गॅलरी जवळ होती. त्यांनी दोन पावलं टाकली आणि कठडा धरला.

खाली सोजरबाई अंगणातून चालल्या होत्या. हात मागे, मान वर. बोगनवेलीपाशी थबकून त्यांनी एक फूल निरखलं, वॉचमनला काहीतरी टोला हाणला आणि रमतगमत पुढे निघाल्या, जणू ती संध्याकाळ त्यांच्याच मालकीची होती. त्यात कानामात्रेचीही चूक नव्हती. पंत बघतच राहिले. मग त्यांना राहवेना. ते कठड्यावरून वाकून ओरडले, "सोजरबाई! आता बरोबर चाललात!"

सोजरबाईंनी मान वर केली.

"तुमीबी, सर!"